मटणाच्या दुकानातलं दुसरं दुकान

रविवारी सकाळी साडेसातच्या सुमारास मटणाच्या दुकानासमोर उभं राहा. रांग एकच दिसते, पण तिच्यात दोन प्रकारची गिऱ्हाइकं असतात. पहिलं गिऱ्हाईक टांगलेल्या बकऱ्याकडे बघतं आणि म्हणतं, "अर्धा किलो द्या दादा, मांडी आणि सीना मिक्स, चरबी काढून. आणि काळजाचा एक तुकडा टाका, पोरगं खातं." दुसरं गिऱ्हाईक वर बघतच नाही. त्याची नजर खाली, ठोकळ्याशेजारच्या घमेल्यात. "वजडी राहिली का? मुंडी भाजलीय? पाये किती निघाले?" साडेनऊ वाजले की हे दुसरं गिऱ्हाईक दिसेनासं होतं, कारण त्याचा माल संपलेला असतो. पहिलं मात्र दुपारी बारापर्यंत येत राहतं.

म्हणजे दुकान एक, धंदे दोन. दोन्हींचं घड्याळ वेगळं आणि भाव ठरण्याची रीतही वेगळी. दुसऱ्या धंद्याबद्दल आपण फारसं बोलत नाही. मटण खाणाऱ्या घरातसुद्धा वजडीचा विषय निघाला की एक जण नाक मुरडतो आणि दुसऱ्याच्या तोंडाला पाणी सुटतं. हे दोघं बऱ्याचदा नवरा-बायको असतात.

या मालाला रोजच्या मराठीत सगळं मिळून असं एक नाव नाही. प्रत्येकाला आपापलं आहे. काळीज किंवा कलेजी, दिल, गुर्दे, भेजा, जीभ, मुंडी. पायांना पाये म्हणा की खूर. वजडी म्हणजे जठर, आणि तिच्या जोडीनं आतडी. रक्ती म्हणजे साकळलेलं रक्त. पानथरी म्हणजे प्लीहा. कपुरे म्हणजे बोकडाचे वृषण, जे मागताना माणसं आवाज जरा खाली आणतात. नागपूरकडच्या सावजी खानावळीत आतड्यांच्या रश्श्याला 'सुंदरी' म्हणतात. ज्यानं कुणी हे बारसं केलं त्याला धंदा कळत होता.

काळजाची तर वेगळीच मौज. आपल्या बोलण्यात काळीज तुटतं, धडधडतं, काळजाचं पाणी होतं, आणि तेव्हा आपल्या मनात हृदय असतं. खाटकाच्या ठोकळ्यावर मात्र काळीज म्हणजे यकृत. संस्कृतात 'कालेय' म्हणजे यकृतच. तेव्हा खाटकाचा अर्थ जुना आणि अस्सल. कवी नंतर आले.

एका बकऱ्याचा हिशेब

पंचवीस किलो जिवंत वजनाचा बकरा धरू. कापून, कातडं, मुंडी, पाय आणि पोटातलं सगळं काढून जे आकड्याला टांगतात ते साधारण अकरा-बारा किलो भरतं. निम्म्याहून थोडं कमीच. मग बाकीचे तेरा किलो गेले कुठं?

त्यातले चार-पाच किलो म्हणजे पोटातला निव्वळ चारा-पाणी. तो खतात जातो. दोनेक किलो कातडं, ते चामड्याच्या व्यापाऱ्याकडे. उरलं ते खाण्याचं. मुंडी पावणेदोन किलो, वजडी आणि आतडी धुऊन दीड-दोन किलो, रक्त किलोभर, पाये अर्धा-पाऊण किलो, काळीज अर्धा किलो, फुप्फुसं पाव किलोच्या पुढे, दिल शंभर ग्रॅम, दोन गुर्दे मिळून ऐंशीएक ग्रॅम, पानथरी पन्नास ग्रॅम. जात, वय आणि बकऱ्यानं आदल्या रात्री काय खाल्लं यावर आकडे इकडेतिकडे होतात. पण बेरीज सहा किलोच्या आसपास येते.

म्हणजे दर दोन किलो मटणामागे एक किलो हा दुसरा माल आपोआप तयार होतो. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात एक कोटीहून जास्त शेळ्या-बोकड मोजले गेले. त्यातल्या ज्या कापल्या जातात, त्या प्रत्येकीमागे हे सहा किलो आहेत. कुणी खावोत अथवा न खावोत.

'आपोआप' हा शब्द इथं महत्त्वाचा. साखर कारखान्यात मळी निघते, पण मळी हवी म्हणून कुणी ऊस गाळत नाही. (इथेनॉलमुळे हेही आता पूर्वीइतकं खरं राहिलेलं नाही, ते सोडा.) तसंच वजडी हवी म्हणून कुणी बकरा कापत नाही. बकरा कापला जातो तो मटणाला मागणी आहे म्हणून. त्यामुळे या मालाचा पुरवठा त्याच्या स्वतःच्या भावाला ऐकतच नाही. टोमॅटो महागले की पुढच्या हंगामात शेतकरी जास्त टोमॅटो लावतो. वजडी दुप्पट महागली तरी गावात वजडी तेवढीच निघणार, जेवढे बकरे त्या दिवशी पडले तेवढी.

हे एकदा ध्यानात आलं की दुकानातल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो. काळीज सगळ्यांना हवं असतं आणि एका बकऱ्याला ते एकच. सात बकरे पडले तर साडेतीन किलो काळीज आणि ऐंशीएक किलो मटण. म्हणून काळजाचा भाव मटणाच्या बरोबरीला किंवा वर जातो आणि दुकानदार त्याचं रेशनिंग करतो. किलोमागे एक तुकडा, ओळखीच्याला दोन. नुसतं काळीज मागणाऱ्या अनोळखी माणसाला तो 'संपलं' म्हणून सांगतो, आणि ते त्याच्या मागच्या डब्यात दिसत असतं. उलट टोकाला पानथरी आणि फुप्फुसं. ती कुणी मागत नाही. मग ती फुकटात जमा, किंवा दुकानाच्या पायरीशी बसलेल्या कुत्र्यांना. मधे वजडी. तिचा भाव बराचसा मेहनतीचा असतो. धुतलेली आणि न धुतलेली यांच्या भावातला फरक म्हणजे धुणाऱ्याची मजुरी.

पंचांगाचा मारही इथं दुहेरी बसतो. आपल्याकडे मटणाचे वार बुधवार, शुक्रवार, रविवार. श्रावणात दुकानाचं शटर अर्ध्यावर येतं. मटण थांबलं की दुसरं दुकान त्याच्याबरोबर बंद. आषाढ संपता संपता मात्र माल पडून राहायची पाळी येते, कारण रांगेतल्या बहुतेकांना मटणच हवं असतं. बकरी ईदला याहून मोठा पूर येतो. मुंबईला देवनारचा कत्तलखाना १९७१ मध्ये सुरू झाला. ईदच्या आधी तिथल्या बाजारात राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेशापासून लाखाहून जास्त बकरे उतरतात. त्या दिवशी किती तरी मुस्लिम घरांत चुलीवर सगळ्यात आधी चढते ती कलेजी. एक तर ती पटकन शिजते, आणि दुसरं म्हणजे थांबून चालत नाही.

घड्याळ

थांबून का चालत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. माझ्या मते या सगळ्या विषयाची किल्ली तिथंच आहे.

जनावर पडल्यावर त्याच्या स्नायूंत साठलेली साखर हळूहळू आंबते आणि तिचं लॅक्टिक आम्ल होतं. मांस काही तासांत किंचित आंबट होतं. जिभेला कळणार नाही इतकं, पण जिवाणूंना कळेल इतकं. शिवाय टांगलेल्या मांसाचा वरचा थर वाऱ्यानं सुकतो. आंबटपणा आणि कोरडेपणा, या दोन गोष्टी मटणाला बिनफ्रीजचे काही तास मिळवून देतात. तेवढ्या भांडवलावर आपले मटणवाले पिढ्यान् पिढ्या दुपारी बारापर्यंत बसत आले.

काळजाला हे संरक्षण नाही. ते मांसाइतकं आंबट होत नाही, त्यात रक्त आणि पाणी भरपूर, आणि पेशी मोडणाऱ्या एन्झाइमांनी भरलेला अवयव असल्यामुळे ते स्वतःलाच आतून मऊ करायला लागतं. वजडी-आतड्यांचं तर विचारूच नका. तिथं जिवाणू बाहेरून यावे लागत नाहीत, ते मुक्कामालाच असतात. रक्त म्हणजे जिवाणूंसाठी वाढून ठेवलेलं ताट. म्हणून हा माल सकाळचा आणि जवळचा. तो लांब जाऊ शकत नाही, म्हणून त्याची मोठी बाजारपेठ बनत नाही, म्हणून तो स्वस्त राहतो, म्हणून तो जवळच्या, कमी पैसेवाल्या आणि मेहनतीला तयार असलेल्या घरात जातो. रांगेतल्या दुसऱ्या गिऱ्हाइकाचा अर्धा स्वभाव या घड्याळानं घडवलाय.

मेहनत म्हणजे काय ते वजडीवरून सांगतो. माझी आत्या वजडी धुवायची तेव्हा आम्हा पोरांना परसात यायला बंदी असायची. अर्थात आम्ही यायचोच. बकऱ्याचं जठर म्हणजे चार कप्पे. पहिला सगळ्यात मोठा, आतून टॉवेलसारखा दाट लव असलेला. दुसरा मधाच्या पोळ्यासारख्या घरांचा. तिसऱ्यात पुस्तकाच्या पानांसारखे पडदे, आणि त्या पानापानांत बारीक चारा अडकलेला. चौथा गुळगुळीत, आपल्या जठरासारखा. आत्या सुरीनं लांब चीर देऊन सगळं उलटं करायची, झटकायची, चार-पाच पाणी काढायची. मग घंगाळात गरम पाणी.

इथं तिचं कसब. पाणी हात पटकन मागे घ्यावा इतकं गरम हवं, पण उकळतं नको. त्या पाण्यात दोन-तीन मिनिटं बुडवलं की आतली काळपट साल सुटते आणि सुरीच्या पाठीनं खरवडली की खालून पांढरीशुभ्र वजडी निघते. पाणी उकळतं असलं की उलटं होतं. साल शिजून चिकटते, मग नखांनी काढा, दगडानं घासा, निघत नाही आणि वासही जात नाही. कमी गरम असलं तर सुटतच नाही. थर्मामीटर नव्हता. ती बोट बुडवायची आणि मनात आकडे मोजायची. सालीचा फारच हट्ट असला तर खायचा चुना चोळायची. आतडी वेगळी. ती बांबूच्या काडीवर मोजा उलटा करावा तशी उलटी करायची, मिठानं चोळायची, आणि शेवटी वेणी घालायची म्हणजे शिजताना एकात एक गुंतत नाहीत. मग मीठ-हळद लावून कुकरला सात-आठ शिट्ट्या, आणि वर कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण. सकाळी सातला सुरू झालेलं काम दुपारी एकला ताटात यायचं. सहा तास. आणि लोक म्हणतात हे स्वस्त खाणं.

रक्तीला तर एवढाही वेळ नसतो. बकरा पडतो तेव्हाच कुणीतरी थोडं मीठ-पाणी घातलेली परात घेऊन उभं राहावं लागतं. ते खरवसासारखं घट्ट बसतं, मग उकडायचं, वड्या पाडायच्या, कांद्यावर परतायच्या. हे घरच्या किंवा जत्रेच्या बकऱ्याला जमतं. शहरातल्या दुकानात बकरा कत्तलखान्यातून सोलून येतो, रक्त तिकडेच गटारात गेलेलं असतं. म्हणून कोल्हापूर-सांगलीकडचा माणूस पुण्या-मुंबईला गेला की रक्ती-मुंडीतली मुंडी त्याला मिळते, रक्ती मिळत नाही.

गोव्यातल्या ख्रिस्ती स्वयंपाकघरांनी या घड्याळावर वेगळाच तोडगा काढला. सारपातेल हा मुळात पोर्तुगीजांबरोबर आलेला पदार्थ. डुकराचं मांस, काळीज, दिल आणि जुन्या रीतीनं रक्तसुद्धा. आधी उकडायचं, मग बोटाच्या पेराएवढे चौकोनी तुकडे करायचे, तळायचे आणि मिरची-मसाला आणि माडाच्या सुरेचा विनेगर घालून शिजवायचं. वर सांगितलं की काळीज स्वतःहून पुरेसं आंबट होत नाही, म्हणून लवकर जातं. सारपातेलात तो आंबटपणा बाहेरून आणून घातला. दर दिवशी एकदा गरम करून ठेवलं की ते दिवसेंदिवस टिकतं, आणि सांदणांबरोबर खाणारे सांगतात की खरी चव तिसऱ्या दिवशीच. अवयवांचं घड्याळ उलटं फिरवणारा दुसरा असा पदार्थ आपल्या किनाऱ्यावर मला तरी ठाऊक नाही.

कुणाच्या वाट्याला काय

गावात घड्याळावरचा तोडगा होता वाटा. चार-आठ घरांनी मिळून बकरा घ्यायचा, केळीच्या किंवा पळसाच्या पानांवर सारखे ढीग घालायचे. प्रत्येक ढिगात थोडं मटण, थोडं हाड, काळजाचा तुकडा, वजडीचा तुकडा. ढीग कुणाचा हे नंतर ठरवायचं, म्हणजे घालणारा अप्रामाणिकपणा करू शकत नाही. तासाभरात अख्खा बकरा आठ चुलींवर, शिल्लक काही नाही. फ्रीजशिवायची याहून चोख वितरणव्यवस्था सांगा. देवाच्या बकऱ्याला मानपान यायचे. मुंडी कुणाची, मांडी कुणाची, कापणाऱ्या मुलाण्याचा हक्क कोणता, हे गावोगाव ठरलेलं असायचं आणि त्यावरून भांडणंही ठरलेली असायची.

पण वाट्याच्या या गोड चित्राला दुसरी बाजू आहे आणि ती लपवून हा विषय सांगता येत नाही. गावगाड्यात कुणी काय खायचं हे पोटानं नाही, जातीनं ठरवलेलं होतं. मेलेलं ढोर ओढण्याचं काम महारांवर लादलेलं आणि त्याचं मांस हाच त्या कामाचा मोबदला. अख्खं जनावर एका दिवसात संपत नाही, म्हणून मांसाच्या लांब पट्ट्या कापून दोरीवर वाळवत. त्या चान्या. पावसाळ्यात, कामधंदा नसताना, त्याच भाकरीबरोबर. आतला माल वाळत नाही, तो त्याच दिवशी खावा लागे. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मेलेल्या जनावराचं मांस खाणं सोडा असं आवाहन केलं आणि असंख्य वस्त्यांनी ते मनावर घेतलं. प्रश्न पोषणाचा नव्हताच, माणूस म्हणून उभं राहण्याचा होता.

ताज्या कापलेल्या बकऱ्याची वजडी ही यापासून पूर्ण वेगळी गोष्ट. पण समाजाच्या मनात या दोन गोष्टींची सरमिसळ झाली आणि 'आतलं' खाण्याला एक चिकट लाज लागली. आजही घरी चवीनं वजडी खाणारा माणूस ऑफिसच्या डब्यात ती नेत नाही. भेजा फ्राय मात्र हॉटेलच्या मेन्यूकार्डावर दिमाखात असतो. लाजेलासुद्धा भाव असतो आणि तो पानथरीच्या आणि वजडीच्या दरातून वजा होतो.

कोठारात काय साठलंय

आता पोषणाकडे. इथं लोक दोन टोकांना जातात, एक जण म्हणतो अमृत, दुसरा म्हणतो कोलेस्टेरॉल. साधी गोष्ट अशी की काळीज हे बकऱ्याचं कोठार आहे. पुढच्या महिन्यांची बेगमी तो तिथं ठेवतो: अ जीवनसत्त्व, बी-१२, फोलेट, लोह, तांबं. आपण काळीज खातो म्हणजे दुसऱ्याचं भरलेलं कोठार उचलून आणतो. शेळ्या-मेंढ्यांच्या पन्नास ग्रॅम काळजातून बी-१२ इतकं मिळतं की रोजच्या गरजेच्या दहा-वीस पट सहज होतं. एका जेवणात आतडी त्यातलं थोडंच शोषतात, पण जेवढं शोषतात ते वाया जात नाही, कारण आपल्यालाही काळीज आहे आणि तेही साठवतं. म्हणून आठवड्यातून एकदा रविवारी, आणि तेही एक तुकडा, हा आपला जुना रिवाज आहारशास्त्राच्या हिशेबानं बरोबर बसतो. रोज खायची गरज नाही. गरोदरपणात तर डॉक्टर काळजापासून लांबच राहायला सांगतात, कारण अ जीवनसत्त्वाचा अतिरेक गर्भाला बाधू शकतो. युरिक आम्ल वाढलेल्यांनी आणि गाऊटवाल्यांनीही जपून. भेज्यातलं कोलेस्टेरॉल मटणाच्या कितीतरी पट असतं, त्यामुळे तो मोठेपणी चवीपुरताच बरा.

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांची कोष्टकं नव्यानं काढली. त्यात बोकडाचं काळीज, गुर्दे, भेजा, फुप्फुसं, पानथरी, वजडी यांच्या वेगवेगळ्या नोंदी आहेत. म्हणजे हे खाणं आहे, हे निदान सरकारी कागदावर तरी मान्य झालंय. लोहाच्या बाबतीत काळजाची कीर्ती मोठी, शंभर ग्रॅममागे सहा-सात मिलिग्रॅम. पण खरा राजा तो नाही. मेंढीच्या पानथरीत शंभर ग्रॅममागे चाळीस मिलिग्रॅमच्या आसपास लोह असतं. पानथरीचं कामच म्हातारी झालेली लाल रक्तपेशी मोडून तिच्यातलं लोह वेगळं काढणं, त्यामुळे ते तिथं साचतं. शिवाय मांसातल्या लोहाचा मोठा भाग रक्ताच्या लोहाच्या रूपात असतो आणि पालेभाजीतल्यापेक्षा तो आतडी जास्त सहज शोषून घेतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून जास्त बायका रक्तक्षयात निघाल्या. आणि दुकानाच्या पायरीशी बसलेल्या कुत्र्यांना मात्र लोहाची अजिबात कमतरता नाही.

रक्तक्षय आणि काळीज यांचा विषय निघाला की मुंबईची एक गोष्ट सांगायलाच हवी. १९२० च्या दशकात अमेरिकेत दिसून आलं होतं की एका जीवघेण्या रक्तक्षयाचे रोगी भरपूर काळीज खायला घातलं की बरे होतात. या कामाला १९३४ मध्ये नोबेल मिळालं. १९२८ मध्ये लुसी विल्स नावाची इंग्रज डॉक्टर मुंबईत आली आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागली. गिरणी कामगार गरोदर बायकांत एक वेगळा रक्तक्षय दिसत होता, रक्तपेशी नेहमीपेक्षा मोठ्या आणि संख्येनं कमी. विल्सनं त्यांच्या खाण्याचा पाठपुरावा केला. मग उपचार करून पाहिले. साधा, न गाळलेला काळजाचा अर्क चालला. पण अमेरिकेतल्या रोग्यांना बरा करणारा शुद्ध केलेला अर्क इथं चालेना! आणि यीस्टपासून बनवलेलं स्वस्त मार्माइट, जे इंग्रज पावाला फासून खातात, ते मात्र चाललं.

याचा अर्थ काळजात रक्त वाढवणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि शुद्ध करताना त्यातली एक गाळली जात होती. मार्माइटचा हा गुण तिनं १९३१ मध्ये प्रसिद्ध केला. गाळली गेलेली ती गोष्ट पुढे फोलिक आम्ल ठरली, आणि जी शिल्लक राहत होती ती बी-१२. आज सरकारी दवाखान्यात प्रत्येक गरोदर बाईच्या हातावर लोह आणि फोलिक ॲसिडची गोळी ठेवतात, तिचं एक मूळ परळ-लालबागच्या गिरणी कामगार बायकांपर्यंत पोचतं.

कुत्रा, काळीज आणि पाण्याचा फुगा

धोक्यांपैकी एक नीट समजून घ्यावा, कारण त्याबद्दल गैरसमज फार. काळजावर किंवा फुप्फुसावर कधी कधी पाण्यानं भरलेला पांढरट फुगा दिसतो. हायडॅटिड म्हणतात त्याला. तो एका बारीक फीतकृमीच्या अळीनं केलेला असतो. लोकांना वाटतं तो तुकडा चुकून खाल्ला तर आपल्याला रोग होईल. तसा तो होत नाही. फुग्यातून जंत मोठा होतो तो कुत्र्याच्या पोटात. खाटकानं फुगेवालं काळीज पायरीशी फेकलं, कुत्र्यानं खाल्लं, काही आठवड्यांनी त्याच्या विष्ठेतून अंडी पडायला लागली, ती गवताला, भाजीला, कुत्र्याच्या केसांना चिकटली. तिथून ती माणसाच्या हाताला आणि तोंडाला. मग माणसाच्या काळजात तोच फुगा, वर्षानुवर्षं मुकाट वाढणारा. म्हणजे ज्यानं कधी काळीज चाखलंही नाही अशा शाकाहारी माणसालाही हा रोग होऊ शकतो.

म्हणून मुद्दा काळीज खाण्याचा नाही, काळीज फेकण्याचा आहे. खराब माल जाळणं किंवा खोल पुरणं हाच उपाय. कत्तलखान्यात पशुवैद्य काळीज, फुप्फुसं, आतडी बघतात आणि दूषित असेल तर बाद करतात. पण तपासणीचा जांभळा शिक्का पडतो तो मांडीवर. काळीज-वजडी शिक्क्याविना, वेगळ्या पाटीत, वेगळ्या वाटेनं येते. मग तुमचा भरवसा तुमच्या डोळ्यांवर. काळीज चकचकीत, एकसारख्या रंगाचं, कडा धारदार, दाबलं की परत वर येणारं. हिरवट झाक, गाठी, किंवा बोट लावताच चिरडणारं असलं तर परत.

दुकानातली गर्दी बदलतेय

मागच्या तीसेक वर्षांत या दुसऱ्या दुकानाचा पाया हळूहळू खचतोय, आणि गंमत म्हणजे माणसं मांस कमी खातात म्हणून नव्हे. देशातल्या मांस-उत्पादनाचा जवळपास निम्मा वाटा आता कोंबडीचा आहे. ब्रॉयलरला काळीज आहे, पोटा आहे, संपलं. त्याची वजडी नाही, रक्ती नाही, मुंडीत काही नाही. मटणाचा किलो चिकनच्या तिप्पट-चौपट झाल्यावर बकरे कमी पडतात आणि त्यांच्याबरोबर येणारे सहा किलोही. २०१५ पासून महाराष्ट्रात बैल-वळूंच्या कत्तलीवरही बंदी आली. गायीवर ती आधीपासूनच होती. त्यामुळे मोठ्या जनावराचा स्वस्त आतला माल म्हशी-रेड्यांपुरता उरला आणि ज्या गरीब वस्त्यांत तोच मुख्य मांसाहार होता तिथं ताटातली जागा रिकामी झाली किंवा अंड्यांनी भरली.

घरपोच मटणाच्या अ‍ॅपवर तुम्हाला खिमा, चाप, करीकट मिळतो, फार तर कलेजी आणि पाये. धुतलेली वजडी थंड साखळीतून, म्हणजे वाटभर गारठ्यात ठेवून, आणायला परवडत नाही, कारण तिची किंमत कमी आणि मजुरी जास्त. अमेरिकेतल्या मराठी माणसाची अडचण तर कायद्याचीच. तिथं जनावराची फुप्फुसं माणसांसाठी विकायला १९७१ पासून मनाई आहे. एका भाच्यानं फोनवर विचारलं होतं, "मामा, मुंडी मिळते, पाये मिळतात, पण फुप्फुसं का नाही?" तेव्हा मलाही हे पहिल्यांदाच कळलं.

आणि एक नवीन गिऱ्हाईक आलंय. मागच्या रविवारी मी ठरवून गेलो आणि म्हटलं, "दादा, आज पानथरी द्या."

सत्तूर हातातच थांबला. "कुत्र्यासाठी?"

"नाही, माझ्यासाठी."

त्यानं जरा निरखून बघितलं, मग घमेल्यात हात घालून काळ्या-जांभळ्या, चपट्या तीन पानथऱ्या काढल्या. पैसे विचारले तर मान हलवली. तेवढ्यात शेजारी उभी असलेली ताई, लॅब्राडॉरचा पट्टा मनगटाला गुंडाळलेला, म्हणाली, "अहो काका, त्या रोज मी नेते." बकरे त्या दिवशी सात पडले होते. सात पानथऱ्या. तीन माझ्या पिशवीत, चार तिच्या. लॅब्राडॉर माझ्याकडे ज्या नजरेनं बघत होता ती मी विसरलेलो नाही. घरी येऊन कांदा, लसूण, मिरी घालून तव्यावर परतल्या. काळजापेक्षा मऊ, थोड्या लोखंडी चवीच्या, आणि लिंबू जरा जास्त लागतं.